कच्चं कारण

सहामाहीचे मराठीचे पेपर तपासताना सुमनचा हात वत्सलाच्या पेपरावर थांबला आणि काही केल्या पुढे सरकेना.

शाळा सुटली होती. पटांगणात ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. ओसरीवर कमलम्मा रांजणाखालचा चिखल खराट्यानं लोटत होती. रोज सकाळी देशमुखांच्या विहिरीचं पाणी आणून तो रांजण भरायचा, वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, ही कमलम्माची कामं. सुमन सातवीच्या वर्गात एकटीच बसली होती. तिनं तो पेपर आधी पटकन उपडा ठेवला, दाराकडं बघितलं, आणि मग पुन्हा सुलटा केला.

सुमन सूर्यवंशी बिदरची. वडील माणिकराव छप्पन्न सालानंतर पहिल्याच खेपेला बौद्ध झालेल्यांपैकी. पोरीला त्यांनी ट्रेनिंग कॉलेजात घातलं, आणि जूनमध्ये तिला भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या मराठी शाळेचा हुकूम आला. गावात त्या जातीची मास्तरीण याआधी कुणी बघितली नव्हती. ती बौद्धवाड्यात सुभद्राबाई मावशीच्या घरी राहायची. पहिल्याच दिवशी रांजणाजवळ गेली, तेव्हा कमलम्मानं तिच्या आधी पुढं होऊन तांब्या उचलून घेतला होता.  तो पदराखाली धरून उभी राहिली. सुमन ओंजळ न करताच मागं फिरली. दुसऱ्या दिवसापासून ती घरून सरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीत पाणी आणू लागली. त्याबद्दल तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, आणि चार महिने त्या न काढलेल्या शब्दाच्या आधारावरच आपली नोकरी उभी आहे, असं तिला वाटायचं.

आणि आता ते सगळं वत्सलाच्या गोल, टपोऱ्या अक्षरात समोर होतं.

चूक तिचीच होती. निदान तिला तसं वाटलं. निबंधाच्या जागी तिनं सवाल घातला होता: तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला एक गोष्ट पटवून देणारं पत्र लिहा. त्याआधी महिनाभर तिनं पोरांना तेच शिकवलं होतं. "ज्याला पटवायचंय त्याच्या मनात आधी शिरा. तो कशासाठी नको म्हणेल ते ओळखा, आणि त्याचं उत्तर पत्रातच देऊन टाका." प्रयोग शिकवताना तर ती फळ्यासमोर भलतीच रंगली होती. "शाळेची काच फोडली गेली," असं फळ्यावर लिहून तिनं विचारलं होतं, "कुणी फोडली?" पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. "बघा, या वाक्यात फोडणारा दडून बसलाय. कर्मणी प्रयोगात त्याला दडता येतं. पण पत्र लिहिताना करणाऱ्याला दडवू नका. ज्यानं केलं त्याला वाक्यात उभं करा."

पोरांनी ते ऐकलं होतं. कुणी बापाला लिहिलं होतं, बैलगाडीची साटी दुरुस्त करा, शेंगा सांडतात. कुणी ड्रायव्हरला लिहिलं होतं, एसटी आमच्या फाट्यावर थांबवा. आणि वत्सलानं लिहिलं होतं आजोबांना.

"तीर्थरूप अप्पांस वत्सलाचा शिरसाष्टांग नमस्कार. अप्पा, तुम्ही आमच्या बाईंना शाळेच्या रांजणातलं पाणी पिऊ देत नाही. तुम्ही म्हणाल, मी कधी नको म्हटलं? पण अप्पा, तुम्हाला विचारल्याशिवाय कमलम्मा काही करत नाही. तुम्ही म्हणाल, बाई घरून पाणी आणतात. पण त्यांची बाटली दुपारीच संपते, आणि शेवटच्या तासाला त्यांचा आवाज बसतो. बाईंचा आवाज बसला तर नुकसान कुणाचं? आमचं. शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच लिहिते. आमच्या बाई फार चांगल्या आहेत. म्हणून त्यांना पाणी द्यावं."

वत्सलाचे अप्पा म्हणजे नरहरराव देशमुख. विहीर त्यांची, शाळेची जागा त्यांनी दिलेली, आणि बौद्धवाड्यातली निम्मी माणसं त्यांच्याच रानात कामाला. तपासलेले पेपर घरी दाखवून सही आणायची, असा शाळेचा नेम होता. नरहरराव नातीचा पेपर सहीपुरता बघत नसत. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

सुमननं बाटली तोंडाला लावली. ती कधीच संपली होती.

ती पेपर घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेली. अच्युतराव सज्जन माणूस. निवृत्तीला आलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी पत्र वाचलं, उठून खिडकी लावली आणि हळू आवाजात म्हणाले,

"हे तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही सर. शपथ घेते. मी पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही कधी."

"मग हे कुणाला दिसायला नको. बाई, माझी तीन वर्षं राहिलीत. मला इथनं सुखानं जाऊ द्या." ते कपाळावरचा घाम पुसत राहिले. "पोरीकडनं दुसरं लिहून घ्या. हे फाडून टाका."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुमननं वत्सलाला बोलावून कोरा कागद दिला. पोरगी बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, डोळे एकटक बघणारे.

"वत्सला, दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीवर लिही बाळा. हायस्कूलला भालकीला पाठवा, असं लिही."

"पहिलं चुकलं का बाई?"

"चुकलं नाही."

"मग कामून?"

सुमननं कागद तिच्यापुढं सरकवला. "मी सांगते म्हणून," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली. वत्सलानं खाली मान घालून लिहिलं. ते पत्र गुळगुळीत होतं, एकही चूक नव्हती, आणि त्यात काही दमही नव्हता. सुमननं त्याला सतरा गुण देऊन टाकले.

पहिला कागद मात्र तिच्यानं फाडवेना. तो तिनं घडी करून पिशवीत ठेवला आणि घरी नेला. सुभद्राबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सुमननं तिला पत्र वाचून दाखवलं. मावशीच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच थांबली.

"तुज्या काकाचा हात बगितलास का तू?" तिनं विचारलं.

गुंडेराव सुभद्राबाईचा नवरा. त्याचा डावा हात कोपरात वाकलेला असायचा, तो सरळ होत नसे. बिचारा गडी अंगणात बसून चऱ्हाट वळत होता. सुमनला वाटायचं, जन्माचंच असेल.

"त्येंनी पाणी घेतलं न्हवतं गं. नुसते देशमुखाच्या हिरीच्या काठावर उभारले होते. वासरू पडलंय म्हणून बगायला. पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली. तरी काठीनं हात मोडला." सुभद्राबाईनं तो कागद तिच्या हातातून घेतला, चुलीत घातला आणि वर काटकी सारली. "आता रब्बीची पेरणी सुरू व्हायलीय. देशमुखाच्या रानात आमी धा बाया हाव. तुजी नोकरी सरकारची. आमची न्हाई."

कागद पेटला, काळा पडला. सुमननं तो विझेपर्यंत बघितला. भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. झाली नाही.

पेपर घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी देशमुखांचा गडी सिद्धप्पा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, अप्पांनी बलिवलंय. आत्ताच्या आत्ता."

 वत्सलाची जागा रिकामी होती. ती त्या दिवशी शाळेला आलीच नव्हती, हे सुमनला आता नीट उमगलं. ती अच्युतरावांकडं गेली. "सर, तुम्ही चला माझ्याबरोबर." ते हजेरीपटावर वाकलेले. "माझी... पहिलीची हजेरी व्हायचीय बाई," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

ती सिद्धप्पाच्या मागून निघाली. मारुतीच्या देवळापाशी चार माणसं बसली होती, ती बोलायची थांबली. पायातली चप्पल काढावी की ठेवावी, हे तिला देशमुखांच्या दारात पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. शेवटी बाहेरच काढली.

नरहरराव ओट्यावर बसले होते. पांढरं धोतर, अंगात बंडी, समोर उतरत्या मेजावर तो सतरा गुणांचा पेपर. वत्सला खांबाला टेकून उभी होती. रडून डोळे सुजले होते. सुमन अंगणातच, पायरीच्या खाली उभी राहिली. तिला कुणी वर या म्हटलं नाही.

"हे पत्र हिनं परीक्षेत लिहिलं?" नरहररावांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं, असं सुमनला वाटून गेलं.

"नाही."

"हीच म्हणाली मला. मी विचारलं, इतकं पुचाट पत्र तू लिहिलंस? तर म्हणते, अप्पा, आधीचं दुसरं होतं, बाईंनी बदलायला लावलं. काय होतं तेही सांगितलं." ते थोडे पुढं झुकले. "कुठाय ते पहिलं?"

"जाळलं."

"वा! म्हणजे आधी पोरीच्या तोंडून आपली फिर्याद वदवायची, आणि मग अंगाशी येईल म्हणून पुरावा जाळायचा."

"मी नाही वदवलं. तिचं तिनं लिहिलं होतं."

"ते आता बघू." त्यांनी वत्सलाकडं बोट केलं. "पाटी नको, कागद घे. बस इथं. परीक्षेत लिहिलंस ते जसंच्या तसं लिही. शिकवलेलं असेल तर अडखळशील. आणि बाई, तुम्ही तिकडं तोंड करून उभ्या राहा. डोळ्यांनी खुणा नकोत."

सुमननं पाठ फिरवली. समोर गोठ्याची भिंत होती. तिला मागं पेनाचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. मधेच तो थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. सिद्धप्पा दाराच्या चौकटीत उभा होता, हातात काठी. ती त्याची नेहमीचीच काठी, गुरं हाकायची. पण सुमनला गुंडेराव काकाचा कोपर दिसत राहिला. 

आवाज बंद झाला. कागद फडफडला. नरहरराव वाचत होते. पुष्कळ वेळ वाचत होते.

"वळा," ते म्हणाले.

ती वळली. त्यांचा चेहरा तिला वाचता येईना.

"हे हिचंच आहे," ते म्हणाले. "कुणी शिकवलेलं वाक्य माणूस असं लिहीत नाही. ठीक. आता तपासा."

"काय?"

"तपासा म्हणतो. मास्तरीण आहात ना? परीक्षेत तपासायचं सोडून जाळलंत. आता माझ्यासमोर तपासा."

वत्सलानं कागद आणून दिला. सुमनच्या पर्समध्ये लाल पेन्सिल होती. पायरीवर कागद ठेवून ती उकिडवी बसली. पहिल्या ओळीत 'तिर्थरूप' झालं होतं. तिनं दीर्घ केलं. वेलांटी वेडीवाकडी आली. पण एक चूक दुरुस्त झाली, मग दुसरी झाली, आणि हळूहळू तिला पेन्सिलचं टोकच दिसायला लागलं. "तुम्ही पिऊ देत नाही" या वाक्याखाली तिनं रेघ मारली नाही. ते बरोबर होतं. "नुकसान कुणाचं" पाशी तिनं बरोबरची खूण केली. शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल अडली.

"किती?" वरून आवाज आला. "वीसपैकी."

शून्य म्हटलं तरी चालणार होतं. विषय सोडून लिहिलं म्हणून पाच म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते. मावशी, अच्युतराव, ती पोरगी, ती स्वतः.

"चौदा," सुमन म्हणाली.

"त्या पुचाट पत्राला सतरा, आणि याला चौदा?"

"त्याला सतरा चुकून दिले. भीतीनं दिले." तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "याच्यात ऱ्हस्व-दीर्घाचे तीन गेले. आणि तीन शेवटच्या कारणाचे. ते कारण कच्चं आहे."

"कुठलं?"

तिनं वाचलं. "आमच्या बाई फार चांगल्या आहेत. म्हणून त्यांना पाणी द्यावं."

"यात कच्चं काय? तुमचीच तारीफ केलीय."

सुमनला इथं गप्प बसायचं होतं. पण कागद समोर होता, लेकरू समोर होतं, आणि सवयीनं तिचं तोंड वत्सलाकडंच वळलं. वर्गात सांगावं तसं ती सांगायला लागली.

"बघ बाळा, बाई चांगल्या आहेत म्हणून पाणी द्यायचं, तर उद्या दुसऱ्या बाई आल्या, त्या रागीट असल्या, मारकुट्या असल्या, तर त्यांना द्यायचं नाही का? तहान चांगल्यालाही लागते, वाईटालाही लागते. पाणी काही बक्षीस नाही. हे वाक्य काढून टाकलं तर तुझं पत्र पक्कं होतं."

बोलून झालं, आणि आपण काय बोललो, कुणाच्या अंगणात बोललो, हे तिच्या ध्यानात आलं.   सिद्धप्पानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

नरहररावांनी कागद मागून घेतला. लाल खुणा बोटानं चाचपत ते म्हणाले, "निजामाच्या अमदानीत तहसिलीत मी लोकांच्या दरखास्ती लिहून द्यायचो. उर्दूत. कच्चं कारण कुठलं, ते मला कळतं." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "जा तुम्ही."

बरं की वाईट, काही कळलं नाही. चप्पल घालायची ती विसरली. वाटेत खडा टोचला तेव्हा परत फिरायचं धाडस झालं नाही. तशीच अनवाणी शाळेत आली.

दुसऱ्या दिवशी रांजण कोरडा होता. आतून पुसून उपडा ठेवलेला. कमलम्मा ओसरीच्या टोकाला बसली होती.

"अप्पांनी सांगितलंय अक्कोरे," ती कन्नड रीतीनं बाईंना अक्कोरे म्हणायची, "पाणी भरू नको. कुणालाच नको."

ते उत्तर होतं. ऊन करपवणारं होतं, पोरं दुपारपर्यंत मलूल व्हायची. कुणी घरी पळायचं, ते परत यायचंच नाही. संध्याकाळी दोन-तीन बाप्ये शाळेपाशी येऊन उभे राहिले. "एका बाईपायी समद्या पोरांचं पाणी तुटलं," त्यातला एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला. सुभद्राबाईला पेरणीवर यायला नको म्हणून निरोप आला. बौद्धवाड्यातल्या बाकीच्या बायकांना नाही, फक्त तिला.  मावशी नुसती उंबऱ्यात बसून राहिली. गल्लीत पावलं वाजली की घरातली तिन्ही माणसं एकदमच दाराकडं बघायची.

मग पहिलीतलं एक पोरगं ओढ्याच्या डबक्यातलं हिरवं पाणी प्यालं आणि वर्गात ओकलं. सुमननं त्याला मांडीवर घेऊन तोंड पुसलं. पोराचं अंग तापलं होतं. त्याला घरी पोचवून आल्यावर तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला जी भीती वाटली तशी आधी कधीच वाटली नव्हती.

सकाळी तिनं बौद्धवाड्याच्या विहिरीवर पितळी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि गावातून चालत शाळेत आणली. रांजणाच्या शेजारी ठेवली. पोरं गोळा झाली. अच्युतराव बाहेर आले.

"बाई, ही कुठली घागर?"

"आमच्या विहिरीची सर."

त्यांनी घागरीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. "मी बघितली नाही," असं पुटपुटून ते खोलीत गेले आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

सुमन पोरांना म्हणाली, "हे पाणी बौद्धवाड्याच्या विहिरीचं आहे. मी फसवून पाजणार नाही. ज्याला प्यायचंय त्यानं प्यावं. ज्याला घरी विचारायचंय त्यानं विचारून यावं."

बौद्धवाड्यातली पोरं आधी प्याली. मग पहिली-दुसरीतली, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि तहान कळत होती. मोठी मुलं मागं उभी राहिली. मधल्या सुट्टीत त्यातलीही दोघं-तिघं इकडंतिकडं बघून प्याली. आणि मग वत्सला रांगेत आली.

"तू नको," सुमन पटकन म्हणाली. "वत्सला, तू नको बाळा."

"कामून बाई? तुम्हीच म्हणलाव ना, ज्याला प्यायचंय त्यानं."

तिनं पेला भरला आणि गटागटा रिकामा केला. सुमननं रस्त्याकडं बघितलं.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेवटच्या तासाच्या आत नरहरराव स्वतः शाळेत आले. मागं सिद्धप्पा, त्याच्या मागं गावातली माणसं, फाटकापाशी थांबलेली. सातवीचा वर्ग उठून उभा राहिला. नरहररावांनी काठीच्या टोकानं घागर दाखवली.

"हे पाणी पोरांनी प्यालं?"

सुमनला एकेक नाव पाठ होतं. कुठलंच नाव तिच्या ओठावर येऊ नये म्हणून तिनं दात दाबून धरले होते. "पाणी... प्यालं गेलं," ती म्हणाली.

"मी प्याले अप्पा," मागून आवाज आला.

नरहररावांनी नातीकडं बघितलं. त्यांचा चेहरा काळवंडला. काठीवरची मूठ आवळली, आणि सुमन न कळत वत्सलाच्या पुढं जाऊन उभी राहिली. आपण असं का केलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. डोळे मात्र तिनं मिटून घेतले होते.

काठी उठली नाही.

"कमलम्मा," नरहरराव म्हणाले, "रांजण भर. आत्ताच्या आत्ता भर. आणि रोज भरत जा. माझ्या विहिरीला पाणी असताना गावची पोरं दुसरीकडचं पिणार नाहीत." त्यांनी वत्सलाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन गेले. फाटकापाशी थांबलेल्या माणसांना ते काय म्हणाले, ते ऐकू आलं नाही. पण माणसं पांगली.

सुमननं काय करायचं, त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते.

कमलम्मानं तीन खेपा करून रांजण भरला. पोरं तुटून पडली. सगळे पिऊन घरी गेले तरी सुमन वर्गाच्या दारात उभीच होती. नरहररावांनी नको म्हटलं नव्हतं. होही म्हटलं नव्हतं. ती रांजणापाशी गेली. कमलम्मा तिथंच पदर खोचून उभी होती, आणि तांब्या झाकणावर होता. या खेपेला कमलम्माचा हात पुढं आला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि तिच्याही डोळ्यांत भीतीच होती.

"प्या की अक्कोरे," ती शेवटी कुजबुजली. "लौकर प्या."

सुमननं तांब्या बुडवला. पहिलाच घोट घशात अडकला, ठसका लागला, निम्मं पाणी साडीवर सांडलं. तरी तिनं तांब्या खाली ठेवला नाही.

वत्सला चार दिवसांनी शाळेत आली. घरी तिला पुन्हा पुन्हा न्हाऊ घातलं होतं, गोमूत्र शिंपडलं होतं, आणि अप्पा तिच्याशी बोलत नव्हते. सातवीनंतर तिला भालकीला पाठवणार नाहीत, असं आईनं सांगितलं होतं. ते सांगताना वत्सला रडली नाही. "बाई, आता कोणतं कारण लिहू?" तिनं विचारलं. सुमन तिच्याबरोबर बाकावर बसली. कोरा कागद तिनं दोघींच्या मधे ठेवला.

सुभद्राबाईला पेरणीचं काम मिळालं नाही. तुरी काढायला माणसं कमी पडली तेव्हा सिद्धप्पा बोलवायला आला, आणि ती गेली. सुमन रोज रांजणातलं पाणी पीत होती. रोज पिताना आधी ती रस्त्याकडं एकदा बघायची. मार्च लागला तरी ते थांबलं नव्हतं.